सात नंबर, डेबरी

कामठीच्या छावणीतून काठ्या येतात,
तुरीच्या पोत्यात, वर सुतळीची गाठ.
डोमामामा ओट्यावर पोतं ओततो
तशी गल्लीतली कुत्री उठून
लांब जाऊन बसतात.

इकडं धर्मूच्या कुऱ्हाडीला तिवसाचा दांडा,
तिकडं कोण्या कर्नलची गोल्फची नऊ नंबर.
मामाला दोन्ही सारखीच गिऱ्हाइकं.
"तोंड कोनतंई असो," म्हणतो,
"मार दांडा खाते."

काम मला पाठ आहे.
मानेला ब्लोअरची आच द्यायची,
जुना डिंक करपल्याचा वास आला की
पिळा देऊन डोकं उपसायचं,
सरळ, हिसका न देता,
भरली बादली विहिरीतून घ्यावी तसं.
आतलं भोक तारेच्या ब्रशनं खरवडायचं.
मग नवी नळी, काळी रिंग,
दोन ट्यूबांतलं औषध समसमान कालवून.
डबीवर लिहिलंय चोवीस तास.
मे महिन्यात आमच्या बोरडोहला
दुपारची झोप होईस्तोवर धरतं.

मूठ चढवताना मात्र मामा मला हात लावू देत नाही.
पेट्रोलनं ओली केलेली रबराची मूठ
एका दमात जावी लागते.
मध्ये थांबली की थांबलीच.
तेवढा वेळ विडीही कानावर.

पोलादी नळीला पेरं असतात, बांबूसारखी.
काळीला नसतात. ती हलकी,
मामा तिला "शयरातली" म्हणतो.
कोणाला कोणती, हे तो विचारत नाही.
माणसाला अंगणात काठी फिरवायला लावतो
आणि डोळे मिटून ऐकतो.
एका सुभेदाराला म्हणाला,
"सायेब, तुमचा आवाज उशिरा येते. नरम लावा."
सुभेदार दोन महिने फिरकला नाही.
मग आला, नरम लावून गेला.

खुंटीवर एक होती, सात वर्षं.
उलट्या तोंडाची. डेबरी.
पोत्यात चुकून आलेली, कोणाच्या कामाची नाही.
तिनं आम्ही चिंचा पाडल्या,
एकदा न्हाणीतला साप हुसकला,
मामीनं मिरच्यांचं वाळवण उलथलं.

परवा शेषराव आला, ग्राउंडवर गवत कापतो तो,
सोबत पोरगी, आचल, अकरा वर्षांची.
बाप बोलत होता तोवर ती
बाभळीच्या काठीनं निंबोळ्या टोलवत होती
कुंपणापार,
डाव्या अंगानं.

मामानं पाहिलं. काही बोलला नाही.
खुंटीवरची उतरवली,
घासलेट आणि राखेनं गंज काढला,
तीन नळ्या एकेक करून तिच्या हाती दिल्या
आणि डोळे मिटले.

तिसरीला मान हलली.

मग आरी घेऊन बसला.
नळी पोरीच्या छातीला लागत होती.
टोकाकडून कापली तर नळी कडक होते,
मुठीकडून कापली तर नुसती आखूड,
एवढं मला कळतं.
"कुठून?" मी विचारलं.
त्यानं आरी नळीवर टेकवली.
उचलली.
पोरीकडं पाहिलं,
तिच्या बापाच्या मापाच्या चपलांकडं,
घोट्याच्या वर चढलेल्या सलवारीकडं.

"नाई कापत," म्हणाला.
दोन जुन्या मुठी जोडून एक लांब मूठ केली.
चढवली, एका दमात.
"आता खाली धर, माय.
वाढशीन तशी वर सरक."

वहीत लिहिलं: आचल नेवारे, सात नंबर, डेबरी.
पैशाच्या रकान्यात पैसे नाहीत,
काठीच्या शेंड्यापासून तिच्या हातापर्यंतचं अंतर आहे,
चार इंच,
आणि तारीख.

सांजेला धर्मू कुऱ्हाड न्यायला आला
तर तिवसाचा दांडा तसाच, सालीसकट.
"उद्या ये," मामा म्हणाला,
आणि कानावरची विडी काढली.